मामांच्या पायाचं कुणी ठरवायचं?

“हे गँगरीन आहे. अंगठा काढावा लागेल,” डॉक्टर म्हणाले. गँगरीन म्हणजे रक्त न पोचल्यामुळे तिथलं मांस मरणं. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, स्वतःच्या काळ्या अंगठ्याकडे असे बघत होते, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

घरात कुणाच्याच तो नजरेस पडला नव्हता. दिसला तो माझ्या नवऱ्याला, आणि तोही सीमेवरून. राजू सैन्यात मेजर आहे, वडिलांना तो अप्पा म्हणतो. म्हैसूरजवळ बेळगोळच्या बाजूला आमचा थोडा ऊस आहे, त्याचं पाणी, खत, तोडणी, सगळं राजूला विचारून चालायचं. मामा रोज सकाळी त्याला उसाचा फोटो पाठवत. चप्पल बांधावर काढूनच सरीत उतरायचं, हा घरचा रिवाज. एका फोटोत कोंबांबरोबर त्यांचं पाऊलही आलं. संध्याकाळी राजूचा फोन आला. “वीणा, कोंब बरे आहेत. पण अप्पांचा अंगठा काळा का दिसतोय?”

दुखत नव्हतं, म्हणून मामांना पत्ताच नव्हता. याला डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणतात. मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांचे पाय रोज बघा, तळवेसुद्धा. आम्ही साखर तपासत राहिलो, पायांकडे पाहिलंच नाही.

मग डॉपलर झाली. पायात रक्त कुठवर वाहतंय ते या तपासणीत कळतं. पाऊल वाचण्याजोगं होतं. पण डॉक्टरांनी बजावलं, “उशीर केलात तर संसर्ग वर चढेल. मग नुसत्या अंगठ्यावर भागणार नाही.”

मामांनी मान हलवली. “राजूला विचारल्याबगर बेडा. नको म्हणजे नको.”

आणि नेमकी त्याच दिवशी सीमेवर लढाई पेटली. राजूचा फोन बंद झाला. वॉर्डाबाहेर बाकांसमोरच्या टीव्हीवर बातम्यांचा आरडाओरडा चालला होता, आत मामा मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते. संध्याकाळी त्यांना ताप चढला. लाली घोट्याकडे सरकू लागली. मला राग आला, राजूचा, मामांचा आणि त्या मुक्या फोनचाही. भीती बापलेक दोघांसाठीही वाटत होती.

सकाळी मी मामांच्या खाटेजवळ स्टूल ओढलं. “मामा, तिथं समोरून गोळा आला तर राजू तुम्हाला फोन लावून विचारतो काय?”

मामांनी मांडीवरच्या मोबाइलकडे पाहिलं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत होते, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात.

“जो समोर असतो तोच ठरवतो ना?” मी म्हणाले. “इथं मी आहे.”

मामांनी मोबाइल बाजूला ठेवला. “सरि, बरं. कर ऑपरेशनच्या कागदावर सही.”

अंगठा गेला, पाऊल राहिलं. ड्रेसिंग बरेच दिवस चाललं. आता मामा मऊ तळाची चप्पल घालून शेतात जातात, थोडे कुरकुरत.

लढाई थांबल्यावर राजूचा फोन आला. “अप्पांचा पाय?”

“पाऊल वाचलं. अंगठा काढला.”

“मला न विचारता?”

मी काही म्हणायच्या आत मामांनी फोन घेतला. “तिला काय बोलू नको रे. तू नव्हतास. ती होती.”

पलीकडे राजू रडू लागला. इतक्या वर्षांत त्याला रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मलाही हुंदका आवरला नाही.

त्या डॉक्टरांचे आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांचे उपकार मोठेच आहेत. तुमच्यावर अशी वेळ आली तर दूरच्या माणसाची काळजी जरूर करा, पण त्याच्या होकारासाठी अडून बसू नका. उसाला पाणी कधी सोडायचं, हेही मी आता राजूला विचारत नाही. सोडते, आणि मग कळवते.