भांडून ये, मग पाठवू

रज्जाक गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुधात पोळी कुस्करत होतो. "काका, अब्बा सकाळी उठलेच नाहीत..." त्याची मुलगी शबाना एवढंच म्हणाली, आणि माझी जीभ आपोआप उजव्या दाढेवर गेली. चाळीस वर्षांपासूनचा मित्र गेला आणि मला पहिली काळजी वाटली ती माझ्या अर्धवट राहिलेल्या दातांची. लिहायला लाज वाटते. रज्जाकला मात्र यात नवल वाटलं नसतं.

मी बीबी गावच्या शाळेत मास्तर, त्याचं लोणारला स्टँडमागे कवळ्या बनवायचं दुकान. साठीला आल्यावर तो लेकीकडून कॉम्प्युटर शिकला. जिल्ह्याच्या गावचे एक डॉक्टर जबड्यात स्क्रू बसवत, तोंडाचे फोटो पाठवत आणि रज्जाक पडद्यावर एकेक दात मांडत बसे. आधी प्लास्टिकचे चाचणीचे दात. ते वापरून ठीक वाटले की मग शहरातल्या मशीनवर कडक पांढऱ्या ठोकळ्यातून खरे कापायचे. एकदा कापले की फारसं काही बदलता येत नाही. डॉक्टरांच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला व्यासपीठावर नऊ जण होते आणि 'क्रांती' हा शब्द नऊही जणांनी वापरला. पडद्यावर एक अवाढव्य हसू झळकलं. मागच्या रांगेत रज्जाक माझ्या कानाशी म्हणाला, "हे दात कोनाचेच नाहीत बे. म्हनून कोनालेही बसतीन."

त्याची स्वतःची परीक्षा वेगळी होती. चाचणीचे दात बसले की तो पेशंटला घरी जाऊन भांडायला सांगायचा. "आरशात सारेच हसतेत, मास्तर. भांडताना मानूस दात इसरते. इसरला, का दात त्याचे झाले." प्रत्येकाचे चाचणीचे दात तो खरे बसल्यावर डबीत घालून काचेच्या कपाटात ठेवी आणि डबीवर चिठ्ठी लावी: नाव, आणि खाली कोणाशी भांडला ते. सुनेशी. तलाठ्याशी. एकावर तर 'देवाशी' असंही होतं. माझे चाचणीचे दात बसल्यावर मी दोनदा न भांडताच त्याच्याकडे गेलो. हेतू कळल्यापासून आमची ही माझ्या प्रत्येक म्हणण्याला होकार देऊ लागली होती, त्याला मी काय करणार? शेवटच्या भेटीत रज्जाकनं निळा कागद चावायला लावून दातांवर उमटलेले डाग पाहिले आणि मान हलवली. "उजवीकडं तू दाबून चावून राह्यला. भांडून ये, मग पाठवू." चौथ्या दिवशी तो गेला.

चाळिसावा होईपर्यंत मी गप्प राहिलो. मग दवाखान्यातून विचारणा सुरू झाली, खरे दात कापायला फाइल पाठवायची का? मी लोणार गाठलं. शबाना बापाच्या खुर्चीत होती. अख्खं तोंड एकटीनं करायची तिची ही पहिलीच वेळ. "उजवी दाढ मी केसभर खाली घेतली," ती म्हणाली.

"त्याच्या फाइलला हात कशाला लावलास?"

"डाग तिथंच गडद येते, काका."

"त्याला दिसला नव्हता का?"

"दिसला होता. तुम्ही भांडून येत नव्हते म्हनून थांबले होते ते."

मग मी बोललो. चाळीस वर्षं तो काय करत आला, तू कालची पोर, त्याच्या मांडणीत ढवळाढवळ करायचा तुला काय अधिकार... तीही ऐकेना. "अब्बा गेले, काका. आता मलेच ठरवावं लागन," असं म्हणताना तिचा आवाज फाटला, तरी नजर माझ्या तोंडावरून हलली नाही. मी टेबलावर हात आपटला आणि थांबलो. किती वेळ बोलत होतो कोण जाणे. त्या वेळात जीभ एकदाही दाढेकडे गेली नव्हती.

"पाठवते," ती हळूच म्हणाली.

खरे दात अजून यायचे आहेत, तोवर चाचणीचेच तोंडात. ते बसतील की नाही, या धास्तीनं जीभ आता पुन्हा उजवीकडे जाते. माझी डबी काचेच्या कपाटात रिकामीच आहे, चिठ्ठी मात्र लागली आहे. वरचं नाव रज्जाकच्या अक्षरात. खालची ओळ तिच्या: शबानाशी.