हात खाली घे, बाई

"हात खाली घे, बाई. जेलातल्या हाताला गावात मत नसतं."

अण्णा हे माइकवर बोलले. मारुतीच्या देवळासमोर अख्खा गाव बसलेला. ग्रामपंचायत बिनविरोध करायची, ही आमच्याकडची रीतच. अण्णांनी नाव सांगायचं, गावाने हात वर करायचे, की झाला सरपंच. भांडण नाही, तंटा नाही, आणि अण्णांच्या घराबाहेर काही जातही नाही. त्या खेपेला सरपंचपद बाईसाठी राखीव होतं, म्हणून बायकांनाही बोलावलं होतं. नाव अण्णांच्या सुनेचं. सगळ्यांबरोबर मीही हात वर केला. अण्णांच्याच बाजूने केला होता. तरी तो त्यांना चालला नाही.

पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत, पण पदर सावरून माझ्यापासून जरा सरकून बसल्या. हसण्यापेक्षा ते सरकणं जास्त लागलं. माझा हात तसाच वर राहिला होता. मागून कुणीतरी कोपराला धरून तो खाली ओढला.

मी शिक्षा भोगून आलेली बाई आहे. लपवत नाही. विहिरीच्या पाण्यावरून भावकीत भांडण पेटलं. नवऱ्याला चौघांनी खाली पाडलं होतं आणि माझ्या हातात खोरं होतं. ते दिराच्या डोक्यात बसलं. दीर वाचला, पण एका अंगाने लुळा झाला. कोर्टाने दिली तेवढी शिक्षा मी नाशिकरोडच्या जेलात काढली. मी आत असतानाच नवरा गेला. मला त्याच्या मातीलाही येता आलं नाही. सुटले तेव्हा वाटलं, फिटलं सगळं. कोर्टापुरतं ते खरं होतं.

त्याच सुमाराला अण्णांचा पुतण्याही सुटून आला. येवल्याला भर रस्त्यात एका पोराचा पाय मोडून तो आत गेला होता. त्याला वेशीपासून डीजे लावून आणला. बायकांनी ओवाळला. त्या दिवशी देवळासमोर तो पहिल्या ओळीत बसून दोन्ही हात वर करत होता. त्याला कुणी खाली घे म्हणालं नाही. तो जेलातून आला आणि मोठा झाला. मी आले आणि गावाला विटाळ झाला.

तरी मी अण्णांचं खरं मानलं. मूर्खच म्हणा. पण आत असताना निवडणूक आली होती, तेव्हा आम्हाला मत नव्हतं. आत असलेल्याला नसतंच, कायदाच तसा. ज्यांच्या खटल्याचा निकालही लागला नव्हता, त्या बायकांनाही नव्हतं. मग बाहेर आल्यावरही ते गेलेलंच राहत असणार, असं मी धरून चालले. गावही तसंच धरून चालला. कुणाला विचारावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. अण्णा बोलले म्हणजे कायदा बोलला.

मत नाही म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. नळाची लाईन आली आणि माझ्या शेजारच्या घरापाशी थांबली. पाईप उरले होते, ते ट्रॅक्टरमध्ये घालून परत नेले. मी अण्णांकडे गेले. ते ओट्यावर चहा पीत होते. मला खालीच उभं ठेवलं. म्हणाले, "मतं जिथवर, पाणी तिथवर. तुझ्या घरात मत हाय का?" मी मान हलवली आणि परत आले. तेव्हापासून त्याच विहिरीचं पाणी डोक्यावर आणते, जिच्यावरून सगळं झालं. एकदा काठावर हंडा ठेवून बराच वेळ खाली बघत बसले होते. काय मनात होतं ते सांगत नाही. तुम्हाला कळलं असेल.

निवडणुकीच्या दिवशी अण्णांची जीप दारोदार फिरायची. म्हाताऱ्यांना उचलून नेऊन उचलून आणायची. माझ्या दारासमोर मात्र तिचा वेग वाढायचा. दुपारी कांद्याच्या खळ्यावर बायका शाईची बोटं एकमेकींना दाखवायच्या. मी माझी बोटं कांद्याच्या पाल्यात घालून बसायची.

विधानसभेच्या मतदानादिवशी मी घरात पडून होते. रुखमाचा व्हिडिओ कॉल आला. रुखमा सटाण्याकडची, जेलात माझ्या शेजारी झोपायची. खुनाची शिक्षा पुरी करून सुटलेली. तिने कॅमेऱ्यासमोर बोट धरलं. नखावर काळी शाई.

मी म्हटलं, "तू कशी काय गेलीस? आपल्याला मत नाय."

"तुले कोनी सांगं? आत व्हतो तवर नव्हतं. आते शे. तुनं बी शे. ऊठ, जाय!" तिच्या अहिराणीत शे म्हणजे आहे.

मी उठले. पेटीतून जुनं मतदान कार्ड काढलं. तोंडावर पाणी मारलं. शाळेपर्यंत कशी गेले ते आठवत नाही. रांगेत उभी राहिले तेव्हा पुढच्या बाईने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा वळली नाही.

आत टेबलावर एक मॅडम होत्या. त्यांच्यासमोरच्या बाकावर पक्षाचा एजंट म्हणून कोण बसला होता? अण्णांचा पुतण्या. मॅडमनी यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमचं मतदान झालंय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. कोरं. शाई नखाच्या कडेला आठवडेच्या आठवडे राहते, घासून जात नाही. मॅडमही बघत राहिल्या.

पुतण्या म्हणाला, "काकू, तुमचं सकाळीच झालंय. उगा तमाशा नका करू."

"कुणी केलं?"

"ते मला काय ठावं?"

"अण्णा तर म्हणले मला मत नाय. नसलेलं मत झालं कसं?"

आणि मला सगळं एकदम कळलं. दर निवडणुकीला मी घरात तोंड लपवून पडत होते, आणि कुणीतरी बाई डोक्यावर पदर ओढून माझ्या नावाने बटण दाबून येत होती. मला पाणी नव्हतं. पंगतीला पान नव्हतं. मत तेवढं होतं, आणि ते अण्णांच्या खिशात होतं.

केंद्राचे मोठे साहेब उठून आले. त्यांनी कार्ड पाहिलं. पुतण्या लगेच म्हणाला, "साहेब, फोटो जुळत नाय. ही ती नव्हंच." आताच काकू म्हणाला होता. चोर तर चोर, वर शिरजोर.

साहेबांनी दाराकडे पाहून विचारलं, "यांना कुणी ओळखतं का?"

रांगेत माझा अख्खा गाव होता. ज्यांच्या लग्नात मी जात्यावर हळद दळली त्या बायका होत्या. कुणी फरशीकडे पाहिलं, कुणी फळ्याकडे. गाव असूनही मी बिनओळखीची. तेवढ्या वेळात मी जितकी मेले तितकी जेलातही मेले नव्हते.

मग मागून काठीचा आवाज आला. माझा दीर. अण्णांच्या जीपमधूनच आणलेला, पाय ओढत, तोंड वाकडं. त्याला बोलायला वेळ लागतो.

"ही... माझी भावजय हाय. हिनंच मला असं केलं. हीच हाय ती."

एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. त्याने मला माफ केलं नाही. माझ्यावर उपकारही केले नाहीत. त्याला फक्त खोटं बोलवेना. गावात एवढी एकच साक्ष माझ्या बाजूची होती, आणि ती माझ्या गुन्ह्याची होती.

साहेबांनी मला सही करायला लावली. बोटाला शाई लावली. मशीन नाही, कागदाची मतपत्रिका दिली. मी शिक्का मारला. त्यांनी ती वेगळ्या पाकिटात घातली.

"हे मोजणार का, साहेब?"

साहेब खाली बघत म्हणाले, "कोर्टाने सांगितलं तरच." म्हणजे नाही. त्या बाईने दाबलेलं बटण मोजलं जाणार, आणि माझं मत पाकिटात पडून राहणार. मीही अशीच बंद राहून आले होते.

बाहेर अण्णा उभे होते. माझं बोट बघून हसले. "पाकिटात गेलं ना? काय मिळालं?"

मी तशीच चालू लागले. खरं तर रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर ते येऊ द्यायचं नव्हतं. विहिरीवर गेले, हंडा भरला, घरी आले. लाईन अजून शेजारीच थांबलेली आहे. खळ्यावर आता मला कामालाही बोलवत नाहीत.

पुन्हा ग्रामपंचायत आली आहे. काल दवंडी फिरली. देवळासमोर बैठक, बिनविरोध करायची. मला निरोप नाही, तरी मी जाणार. पहिल्या ओळीत बसणार, पुतण्याच्या शेजारी. अण्णा नाव सांगतील आणि विचारतील, कुणाची हरकत? तेव्हा मी हात वर करणार. आणि मतदान लागलंच, तर शाळेचं दार उघडायच्या आधी मी दारात उभी असेन. माझ्या नावाने येणाऱ्या बाईला माझ्या तोंडासमोरून आत जावं लागेल.

या वेळी कुणी कोपराला धरून हात खाली ओढला, तर तो खाली येणार नाही. मोडावा लागेल.