मिठात पाणी किती

कॉलेजात तिला टक्केबाई म्हणत. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं आणि प्राध्यापकांनी उचललं. स्वतःचं काही सुचायची त्यांना सवय नव्हती.

चौदा वर्षं ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हंगामी निदर्शक होती. दर वर्षी नेमणूक संपायची, दर वर्षी नवा अर्ज. तराजूची काच ती स्वतः पुसायची. मूस, म्हणजे पदार्थ तापवायची चिनी मातीची वाटी, तापवायची, गार करायची, वजन करायची आणि पुन्हा तापवायची. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की मगच विश्वास. माणसांनाही ती हाच नियम लावायची, त्यामुळे फारशी माणसं टिकली नाहीत.

या वर्षी तिची जागा कायम व्हायची होती. विभागप्रमुखांनी शिफारशीवर सही केली की झालं. वीस वर्षांत या गृहस्थांच्या बोटांना बर्नरची आच लागली नव्हती. उत्तर पुस्तकात छापलेलं असताना मुशी काळ्या कशाला करायच्या, असं ते विचारत. आणि गंमत म्हणून नव्हे.

प्रयोग तसा पोरखेळ. मॅग्नेशियम सल्फेट नावाच्या मिठाच्या खड्यांत पाणी दडलेलं असतं. खडे तापवले की ते उडतं, वजन घटतं. घटीवरून पाण्याचे टक्के काढायचे, टक्क्यांवरून मिठाच्या एका रेणूमागे पाण्याचे रेणू किती ते. पुस्तक म्हणतं, एक्कावन्न टक्के आणि सात रेणू.

परीक्षेच्या दोन दिवस आधी बेचाळीस जर्नलं सहीसाठी तिच्या टेबलावर आली. बेचाळीस वेळा एक्कावन्न टक्के. बेचाळीस वेळा सात. एकाची वजाबाकी चुकली होती. ती चूक पुढे अकरा जणांनी सुवाच्य अक्षरात उतरवली होती.

तिनं त्याच बाटलीतलं मीठ घेतलं. दोन ग्रॅम. तापवल्यावर उरलं एक पूर्णांक चोवीस. पुन्हा तापवलं, तेवढंच. म्हणजे पाणी अडतीस टक्के. मीठ बासष्ट, भागिले त्याचा रेणुभार एकशेवीस. पाणी अडतीस, भागिले अठरा. दुसऱ्या उत्तराला पहिल्यानं भागलं. चार. मूस बदलली. चारच.

मग तिला उलगडलं. सुट्टीभर बाटली झाकणाशिवाय ओव्हनच्या डोक्यावर उभी होती. निम्म्याच्या आसपास पाणी आधीच उडून गेलं होतं. वर्गाला बाटली ती एकच. तिला कोणी हात लावला असता, तर त्याचे सात आलेच नसते.

घरी जेवताना तिनं धाकट्या भावाला सांगितलं. तो फ्रीज दुरुस्त करायचा.

"ताई, सात तर सात. सही कर आणि कायम हो. मीठ काय कोर्टात जाणार आहे?"

"तू गॅस न भरता भरला म्हणतोस?"

"म्हणेन कसा? दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात."

"माझ्या दारात कोण येणार?"

"कोणी नाही. तेच तर सांगतोय."

"आधी जेवा दोघं," आई म्हणाली. "त्या मिठापायी आमटी गार झाली."

सकाळी विभागप्रमुखांनी तिला खोलीत बोलावलं.

"बाई, तुमचे चार आले म्हणे. कुठून?"

"बाटलीतून, सर."

"आणि मुलांचे सात?"

"मागच्या वर्षीच्या जर्नलांतून."

"मग बाटली बदला. उद्या परीक्षक येतायत. नवी बाटली, सात रेणू, विषय संपला."

"बाटली बदलते. जर्नलांचं काय करू?"

त्यांनी दोन कागद पुढे सरकवले. एक तिची शिफारस, बिनसहीची. दुसरा दाखला. त्यावर छापलं होतं, 'वरील प्रयोग विद्यार्थ्यांनी माझ्यासमोर केला आहे.' खाली तिच्या सहीची जागा.

"आधी तुमची, मग माझी," ते म्हणाले. "घासाघीस नाही हं. आपली एक पद्धत."

पद्धत खरंच होती. गेली तेरा वर्षं तिनंही त्या दाखल्यावर सही केली होती. तेव्हा तिचेही सात यायचे, म्हणून जर्नलं कुठून आली हे तिनं कधी विचारलं नव्हतं. ते आठवून तिला स्वतःचीच किळस आली.

तिनं छापील ओळ खोडली. वर लिहिलं, 'बेचाळीसपैकी एकाही विद्यार्थ्याने प्रयोग केलेला नाही. पुन्हा घ्यावा.' सही केली, तारीख घातली.

"सर, आता तुमची."

"चौदा वर्षं झाली ना तुम्हाला? नीट विचार करा."

"केला. पंधरावं ठेवा तुमच्याकडेच."

त्यांनी तो कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. दुसरा दाखला काढला आणि खाली स्वतःच सही केली. वीस वर्षांत प्रयोगशाळेचं एवढं एक काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलं.

शिफारस खणात गेली, तशीच बिनसहीची. तिनं किल्ली फिरल्याचा आवाज ऐकला. मग प्रयोगशाळेत जाऊन तीन बर्नर तपासले, गॅसची तोटी बंद केली आणि दुपारच्या आत घरी गेली.