वडील खोटं बोलले

माझे वडील कोल्हापुरात मंगळवार पेठेत ख्रिस्ती मुलांची छोटी शाळा चालवायचे. खोटं त्यांना अजिबात खपत नसे. पाटी फुटली तर 'माझ्या हातून फुटली' म्हणायचं, मांजराचं नाव पुढे करायचं नाही. त्यांचं उजवं मनगट वाकडं बसलं होतं, म्हणून ते फळ्यावर डाव्या हातानं लिहीत.

ते मनगट मोडलं तेव्हा मी तिथंच होते. सात वर्षांची असेन. वडील मला घेऊन नेसरीकडच्या एका गावी निघाले होते. वाटेत मला तहान लागली आणि त्यांनी एका विहिरीत लोटा सोडला. शेजारच्या मळ्यातून एक दांडगा शेतकरी धावत आला. काठावर ठेवलेलं बायबल बघताच बाटग्या, विहीर बाटवतोस, म्हणत त्यानं वडिलांच्या हातावर काठी घातली. दोनदा. दुसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या माणसाच्या हनुवटीवर भाजल्याचा पांढरा डाग होता. तो मी कधीच विसरले नाही.

पुढे सात वर्षांनी कोल्हापुरात प्लेग आला. दरबारच्या हुकुमानं पेठा रिकाम्या झाल्या आणि आम्ही चार ख्रिस्ती कुटुंबं गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहिलो. एका सकाळी वडिलांनी रस्त्याकडेला पडलेला एक माणूस उचलून आणला. तो गूळ घेऊन बाजाराला आला होता. काखेत गाठ दिसताच सोबतचे गाडीवान त्याला तिथंच टाकून गेले होते. आई म्हणाली, घरात लहान लेकरं आहेत. वडिलांनी थोड्या अंतरावर त्याच्यासाठी वेगळी झोपडी घातली. त्याचं सगळं ते एकटेच करत आणि अंघोळ करून, कपडे बदलूनच आमच्यात येत.

पाचव्या दिवशी मी पेज घेऊन त्या झोपडीच्या दारापर्यंत गेले. आजारी माणूस पहिल्यांदाच उठून बसला होता. उजेड त्याच्या तोंडावर होता आणि हनुवटीवर तो पांढरा डाग. तो वडिलांच्या मनगटाकडे टक लावून बघत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी मला वळखलं न्हाय?"

वडिलांनी त्याच्या कपाळावरची ओली पट्टी सारखी केली. "न्हाय पावणं. तुम्हाला मी पहिल्यांदाच बघतोय."

मी पेजेचं भांडं दारातच ठेवलं.

मी धावत आईकडे गेले. तिला सांगितलं, तोच आहे तो. आई चुलीपाशी होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. वडिलांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. म्हणजे माझी आईही पाच दिवस सगळं ठाऊक असून त्याच्यासाठी तांदूळ शिजवत होती.

त्या संध्याकाळी प्रार्थनेत वडील म्हणाले, मी आज खोटं बोललो, प्रभू, मला क्षमा कर. प्रार्थना संपल्यावर मी विचारलं, त्यानं पुन्हा विचारलं तर? वडील म्हणाले, तर पुन्हा तेच सांगेन आणि पुन्हा क्षमा मागेन.

मला ते सोसलं नाही. तीन दिवसांनी वडील पाण्याला गेले तेव्हा मी त्या झोपडीच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्हीच माझ्या बाबांचा हात मोडलात. त्यांना ठाऊक आहे."

मला वाटलं, तो नाकबूल करील. तो हळूच म्हणाला, "म्हाईत हाय की, पोरी. त्यो न्हाय म्हणाला, तवाच मला कळलं." आणि त्यानं तोंड फिरवलं.

दुपारी झोपडी रिकामी होती.

वडिलांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "खरंच बोललीस," ते म्हणाले, "पण काठी घातल्यासारखं बोललीस." आणि तसेच अनवाणी त्याच्या गावाकडे जाणाऱ्या कागलच्या रस्त्याला लागले.

दिवस मावळायच्या आत ते एका ओळखीच्या मुसलमान गाडीवानाच्या गाडीतून परत आले. तो माणूस अर्ध्या कोसावर ओढ्याकाठी पडलेला सापडला होता. आता त्याचं डोकं वडिलांच्या मांडीवर होतं आणि वडिलांनी वाकड्या हातानं त्याच्या डोळ्यांवर सावली धरली होती. तो माणूस मोठ्यानं रडत होता. एवढा दांडगा गडी असा रडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

तो वाचला. महिन्याभरानं त्याचा पुतण्या न्यायला आला. निघताना त्यानं वडिलांना हात जोडले. तो माझ्यापुढं येऊन थांबला. "पोरी, त्या दिशी तुला पाणी मिळालं का न्हाय?"

मी तिथं होते हे त्याच्या लक्षात असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

तो ख्रिस्ती झाला नाही, पुन्हा कधी आला नाही आणि वडिलांनीही त्याची वाट पाहिली नाही. प्लेग ओसरल्यावर आम्ही पेठेत परतलो, शाळा सुरू झाली. मला मात्र बरेच दिवस वडिलांच्या जवळ बसायला भीती वाटायची. ते कधी रागावत नसत, तरीही. उद्या ते माझ्याकडूनही असंच काही मागतील, आणि ते मला जमणार नाही, याची ती भीती होती.