सर्व्हर बंद करणाऱ्या शालिनीताई

शालिनीताई मोहिते यांनी मला पहिल्यांदा पाहिले ते टेबलाखाली. परळच्या आमच्या ट्रस्ट रुग्णालयाच्या संगणक विभागात मी नुकताच लागलो होतो आणि एक वायर शोधत होतो. "वर या, ती माझ्या हातात आहे," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. माझे वडील वारले तेव्हा तेराव्यापर्यंत माझ्या ड्यूट्या त्यांनी केल्या आणि पुढे कधी त्याचा विषयही काढला नाही.

त्यांच्या साठीनिमित्तच्या या अंकात "तो प्रसंग तेवढा टाळा" असे गौरव समितीने मला सुचवले. तो टाळून ताईंबद्दल लिहायचे म्हणजे हारतुरे घालून मोकळे होणे. मला ते जमणार नाही.

संगणकाच्या मुळाशी कर्नल नावाचा गाभा असतो. कोणाला काय करू द्यायचे, हे तो ठरवतो. गेल्या वर्षी त्या गाभ्यातच खोट सापडल्याचे जाहीर झाले. साध्या खात्यातून आत शिरलेला कोणीही साऱ्या यंत्राचा मालक होऊ शकत होता. दुरुस्ती उपलब्ध होती, पण ती बसवायला रुग्णालयाचा मुख्य सर्व्हर बंद करावा लागणार होता.

"बाहेरून कोणी येऊ शकत नाही ना? मग घाई कसली?" प्रशासक म्हणाले.

"साहेब, आपल्याकडे बाहेर कोण आहे?" ताई म्हणाल्या. "अख्खा वॉर्ड एकाच खात्यावर काम करतो. पासवर्ड स्क्रीनला चिकटवलाय. पेशंटचा भाचा स्टूल ओढून बसला तरी तो आत आला. उद्या कोणी रक्तगट बदलले तर आपल्याला कळणारसुद्धा नाही."

परवानगी मिळाली. ताईंनी रविवारची दुपार निवडली आणि तेवढा वेळ रिपोर्ट कागदावर मिळतील, असे सगळ्या वॉर्डांना कळवले. दुरुस्ती बसली, पण सर्व्हर लवकर सुरू होईना. नेमके तेव्हाच वॉर्डात दाखल असलेल्या लालबागच्या एका गृहस्थांच्या रक्तातले पोटॅशियम धोक्याच्या पातळीपलीकडे गेले. रिपोर्ट लॅबमध्ये तयार होता. वॉर्डला वाटले, लॅब पाठवेल. लॅबला वाटले, वॉर्डातून कोणी न्यायला येईल. रिपोर्ट स्क्रीनवर दिसू लागल्यापासून ही ने-आण कोणाची, हेच सगळे विसरले होते. संध्याकाळी हृदय बंद पडून ते गृहस्थ गेले.

चौकशीत ताईंनी कोणाकडे बोट दाखवले नाही. "बंद मी केलं. कागद कोणी न्यायचा हे मी सांगायला हवं होतं, ते राहिलं," एवढेच त्या म्हणाल्या.

नंतर त्या लालबागला त्या गृहस्थांच्या घरी गेल्या. मी नको म्हणत होतो, तरी सोबत गेलो. त्यांच्या पत्नीने आम्हाला पाणी दिले आणि विचारले, "तुम्ही ते बंद केलं नसतं, तर आमचे हे वाचले असते का हो?"

"हो," ताई म्हणाल्या. "बहुतेक वाचले असते."

तिथून परळपर्यंत आम्ही चालत आलो.

त्या खोटीतून आमच्याकडे कोणी शिरले नाही. न घडलेल्या गोष्टीचे श्रेय कोणाला मिळत नाही. घडलेल्या मृत्यूची चौकशी मात्र अजून चालू आहे, आणि ताई या महिन्यात निवृत्त होत आहेत. आता वॉर्डात प्रत्येकाला वेगळे खाते आहे. सर्व्हर बंद असला की लॅबचाच माणूस रिपोर्ट सिस्टरांच्या हातात देतो. हे दोन्ही नियम ताईंचे.

हा लेख मी त्यांना आधी दाखवला. "यात ताईंचा दोष नव्हता" हे माझे वाक्य त्यांनी खोडले. मी वाद घातला.

"लालबागला त्यांच्या घरी हा अंक गेला तर?" ताई म्हणाल्या.

वाक्य मी काढले आहे, मत बदललेले नाही. शालिनीताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांना शांत झोप लागो.