निवडलेली डाळ

साठीच्या दशकात मी बालाघाटला मास्तर होतो. आमची तुरीची डाळ ज्या दुकानातून यायची, तिथे दाराशी एक माणूस पोत्यावर बसून डाळ निवडायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. धानाच्या बांधीत उगवणारी स्वस्त लाखोळीची डाळ तुरीत मिसळलेली असायची. त्याला ती नजरेनंच कळायची. उत्तरपत्रिकेतली चूक हेरावी तशी तो ती उचलून फडक्यात टाकायचा.

"गुरुजी, तुमच्या घरी एक दाना जाऊ देनार नाही," तो म्हणायचा. "लाखोळीनं पाय जातेत."

मी खुशीत पिशवी उचलायचो.

एका संध्याकाळी दुकान बंद होता होता पोचलो. त्यानं फडक्याला गाठ मारली, काठी धरली आणि तो उठला. वर्षभरात मी त्याला पहिल्यांदाच उभा पाहत होतो. गुडघ्याला गुडघा घासत, टाचा अधांतरी ठेवून तो चवड्यांवर सरकू लागला. फडकं खांद्यावर होतं.

"हे कुठं नेता?" मी जवळजवळ ओरडलोच.

"घरी. निवडलेलं माह्यं, हेच तं ठरलं हाये."

"अहो, घरात मुलं असतील!"

"हौ, चार हायेत. म्हनून उकडून जहराचं पयलं पानी फेकतो. दुसरं नाही फेकत, गुरुजी. मंग त्यायच्या पोटात काय राहीन?"

पायरीवर माझी पिशवी त्यानं आधीच भरून ठेवली होती. तिच्यात लाखोळीचा एक दाणा नव्हता.