डोरायच्या गाई

गिंबाल या समुद्रकाठच्या गावातल्या बालवाडीत डोराय गारिंगालाव अठरा वर्षं आल्याची पेज शिजवत होती. नुसती शिजवत नव्हती. आल्याचा तुकडा दाताखाली आला की कोण भोकाड पसरतं, कोण चमचा डाव्या हातात धरतं, कुणाची आई परवाच परदेशी कामाला गेल्यामुळे आज कोण जेवणार नाही, हे सगळं तिला ठाऊक असे. मग वरून नियम आला: मुलांजवळ काम करणारी प्रत्येक बाई हायस्कूल पास पाहिजे.

डोरायची शाळा पाचवीत सुटलेली. आता वय चौपन्न. अशा मोठ्या माणसांसाठी हायस्कूलच्या तोडीची एक परीक्षा असते. ती तिने दोनदा दिली आणि दोनदा नापास झाली. यंदाही तसंच झालं, तर जूनमध्ये शाळा उघडताना पातेल्यापाशी दुसरी बाई उभी राहणार होती.

"मानांग, कशाला जिवाला त्रास करून घेता?" बालवाडीची तरुण शिक्षिका म्हणाली. मानांग म्हणजे ताई. "आता घरी बसून आराम करा की."

"आराम मेल्यावर करीन. तू आधी ती दुधाची खोकी फेकू नकोस. मला दे."

पोरांना येणाऱ्या दूध पावडरची ती जाड पुठ्ठ्याची खोकी. डोरायने त्यांचे पत्त्यांएवढे तुकडे कापले, कोपऱ्यांना भोकं पाडली आणि सुतळीत ओवले. पुठ्ठ्याच्या एका बाजूला चकचकीत छपाई आणि हिरव्या कुरणातल्या छोट्या गाईंच्या रांगा, प्रत्येक तुकड्यावर एक तरी गाय. त्या बाजूवर शाई टिकत नसे, बोट लागलं की पुसून जाई. म्हणून लिहायला एकच बाजू उरली, मातकट रंगाची. तिच्यावर डोरायने प्रश्न लिहिले. उत्तरं लिहायला जागाच नव्हती, ती डोक्यात ठेवावी लागली.

घरात त्या कार्डांना नाव पडलं गाई. संध्याकाळी जाळी वाळत घालून झाली की तिचा नवरा ओस्तिंग विचारी, "काय गं, गाई सोडायच्या का?"

ओस्तिंगला अक्षरओळख नव्हती. तो कार्ड धरी, गाय स्वतःकडे आणि प्रश्न डोरायकडे. गाय सरळ उभी दिसली की त्याच्या लेखी कार्ड सरळ. डोरायकडची अक्षरं मात्र निम्म्या वेळा उलटी असत. "फिरव की जरा," ती म्हणे. "गायीचे पाय वर करू?" तो म्हणे. शेवटी ती उलटी अक्षरं वाचायला शिकली. उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्याची त्याची रीतही त्याची स्वतःची होती. अडखळली की चूक, ठसक्यात बोलली की बरोबर.

या रीतीने एकदा घोटाळा झाला. त्यांच्या भाषेत पुरुषाला आणि बाईला एकच शब्द, 'सिया'. इंग्रजीत मात्र पुरुषाला 'ही' आणि बाईला 'शी'. "माझा नवरा मासेमारी करतो, शी रोज समुद्रावर जाते," असं डोराय इंग्रजीत धडाधड बोलून गेली आणि ओस्तिंगने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या तयारीच्या वर्गात तेच वाक्य म्हटलं तेव्हा सगळा वर्ग हसला.

"मला बाई केलंस?" ओस्तिंग म्हणाला.

"तूच बरोबर म्हणालास ना!"

त्या रागात तिने नवं कार्ड केलं: 'ओस्तिंग. ही की शी?'

परीक्षेच्या दिवशी रांगेत ती गाई चाळत होती. आत बोलावलं तेव्हा पिशवी बाहेर ठेवली, पण कार्डांचा जुडगा सवयीने झग्याच्या खिशात गेला. पेपर वाटले जात असताना घाम पुसायला तिने रुमाल ओढला आणि जुडगा जमिनीवर पडला.

शहरातून देखरेखीला आलेले हेचानोवा सर त्यावर नेम धरल्यासारखे आले. "कोडिगो! कॉपीची चिठ्ठी! नानाय, आईच्या वयाच्या तुम्ही, आणि कॉपी? उठा. बाहेर व्हा."

तीसेक डोकी वळली. डोराय उठली नाही.

"सर, त्यात उत्तर दाखवा, मग उठते."

सरांनी कार्ड उलटलं. गाय. दुसरं उलटलं. गाय. तिसऱ्यावरही गाय.

"हे काय आहे?"

"गाय आहे, सर. शहरात बघितली नसेल. कोडिगोत उत्तरं असतात, माझ्याकडे नुसते प्रश्न आहेत. आणि प्रश्न तर तुम्हीच आत्ता फुकट वाटताय."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सर लाल झाले. "खुणा केल्या असतील कुठेतरी."

"मग विचारा. कुठलंही काढा."

सरांनी एक कार्ड समोर धरलं, उलटं. तिने न अडखळता वाचलं आणि उत्तर दिलं. दुसरं धरलं, तेही सांगितलं. तिसऱ्या कार्डावर सर थबकले. "ओस्तिंग. ही की शी?"

आता सगळी खोली हसली.

"ही," डोराय म्हणाली. "तेहतीस वर्षांचा अनुभव आहे. हसता काय? पेपरात आलं की कळेल."

सरांनी घड्याळ पाहिलं. "बसा. पण नियमाप्रमाणे हे जप्त." त्यांनी जुडगा पाकिटात घातला आणि वर तिचं नाव लिहिलं. नावापुढे लिहिलं, 'कोडिगो'. डोरायने ते वाचलं, तेही उलटं. बोलायला वेळ नव्हता. तिने पेपर पुढे ओढला.

मे महिन्यात निकाल लागला. ती पास झाली होती. गावच्या सभागृहात प्रमाणपत्रं वाटायला स्वतः महापौर आले, यादी वाचायला हेचानोवा सर. नाव पुकारल्यावर डोराय मंचावर गेली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"घ्या ना, नानाय," महापौर म्हणाले.

"आधी माझ्या गाई."

"कसल्या गाई?"

"या सरांनी जप्त केलेल्या. पाकिटावर माझ्या नावापुढे कोडिगो लिहिलंय. एकीकडे मी चोर आणि एकीकडे मी पास, असं कसं चालेल? दोन्हीतलं एक ठेवा."

"अहो, कार्यक्रम झाल्यावर बघू," सर पुटपुटले.

"मी थांबते. मला पेज शिजायची वाट बघायची सवय आहे."

ती थांबली. मागची रांगही थांबली. सर शेवटी शेजारच्या कचेरीत गेले आणि पाकीट घेऊन आले. डोरायने त्यांच्याकडून तो शब्द खोडून घेतला, खाली सही घेतली, मग सुतळी धरून कार्डं मोजली.

"सेहेचाळीस. एक कमी आहे. ओस्तिंगचं."

सरांनी हातातली वही उघडली. आत खूण म्हणून गायीचं कार्ड होतं. "वर्गात दाखवतो मी," ते खाली बघत म्हणाले. "मुलांच्या चांगलं लक्षात राहतं."

"मग मागून घ्यायचं, सर. खोकी पुष्कळ आहेत, मी दुसरं करून देईन. हे माझं आहे."

कार्ड सुतळीत ओवून झाल्यावरच तिने प्रमाणपत्राला हात लावला. टाळ्यांच्या वर सभागृहाच्या मागच्या बाकावरून ओस्तिंगचा आवाज आला, "मी सापडलो का गं?"

"सापडलास," डोराय मंचावरून ओरडली. "ही!"